जर्मनीत शिकायला गेल्यावर निवास परवाना: व्हिसाची मुदत संपण्यापूर्वी काय करावे

सुरसागर:

बडोद्याच्या आपल्या मराठी घरांतून जर्मनीला शिकायला निघालेली मुले आणि त्यांचे पालक मला जे विचारतात, त्यातील बहुतेक सारे विमानात बसण्यापूर्वीचे असते. एपीएसचे, म्हणजे शैक्षणिक कागदपत्रांच्या पडताळणीचे, प्रमाणपत्र कधी येणार, बंद खात्यात, म्हणजे दरमहा ठरलेलीच रक्कम काढता येणाऱ्या ‘ब्लॉक्ड अकाउंट’मध्ये, किती रक्कम भरायची, अहमदाबादच्या व्हिसा केंद्रातील तारीख कशी मिळवायची, हे सगळे नीट विचारले जाते. पासपोर्टवर व्हिसा चिकटला की मात्र घरात पेढे वाटले जातात आणि पुढच्या टप्प्याची चौकशी तिथेच थांबते. दांडिया बाजारातील एका ओळखीच्या कुटुंबाला गेल्या हिवाळ्यात यामुळे फार काळजीचे दिवस काढावे लागले, म्हणून हा धागा काढत आहे.

तो व्हिसा जर्मनीत प्रवेश करण्यासाठी आणि सुरुवातीचे काही महिने राहण्यासाठी असतो. सहसा त्याची मुदत तीन ते सहा महिन्यांची असते, काहींना ती वर्षभरापर्यंत मिळते. दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम पूर्ण करायचा असेल, तर त्या मुदतीच्या आत तिथल्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयाकडे, म्हणजे आउसलेंडरबेहोर्डेकडे, निवास कायद्याच्या कलम १६ब खाली शिक्षणासाठीचा निवास परवाना स्वतः अर्ज करून मागावा लागतो. तो आपोआप मिळत नाही आणि प्रवेश दिला म्हणून विद्यापीठही तो परस्पर देऊ शकत नाही.

या कामाची सुरुवात पत्त्यापासून होते. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नगरपालिकेच्या नागरिक कार्यालयात पत्त्याची नोंद करावी, असा कायदा आहे. या नोंदीला तिथे आनमेल्डुंग म्हणतात. तिच्यासाठी घरमालकाने सही करून दिलेला, तुम्ही अमुक तारखेपासून इथे राहता असे सांगणारा कागद लागतो आणि २०१५ सालच्या नोव्हेंबरपासून हा कागद सक्तीचा आहे. म्हणून ज्या खोलीच्या जाहिरातीत ‘नोंदणी करता येणार नाही’ असे लिहिलेले असते, ती खोली कितीही स्वस्त असली तरी सुरुवातीच्या काही दिवसांच्या आसऱ्यापलीकडे तिचा उपयोग नाही. पत्त्याची नोंद नसेल तर निवास परवान्याचे काम पुढे सरकत नाही आणि करक्रमांकही मिळत नाही. शिवाय जिथे आपण राहतच नाही अशा मित्राच्या पत्त्यावर नोंद करणे हा दंडनीय अपराध आहे. आपल्याकडे नातेवाइकांच्या पत्त्यावर कागद काढण्याची सवय असल्यामुळे हे मुद्दाम स्पष्ट लिहीत आहे.

दुसरी गोष्ट लहान आहे, पण तिच्यावर बरेच अवलंबून असते. जर्मनीत पत्रपेटीवर तुमचे आडनाव लिहिलेले नसेल, तर टपाल परत जाते. कार्यालयाची बोलावणी, कागदपत्रांची मागणी आणि पुढे परवान्याच्या कार्डाचा पिन क्रमांक टपालाने येतो. घरात पाऊल ठेवल्याच्या दिवशीच पेटीवर नावाची चिठ्ठी लावावी आणि सामायिक घरात दुसऱ्याच्या नावाखाली राहत असाल तर स्वतःचे नाव वेगळे लिहावे.

अर्जासोबत पासपोर्ट, चालू सत्राच्या नोंदणीचे प्रमाणपत्र, आरोग्य विम्याचा दाखला, घराचा करार, पत्त्याच्या नोंदीचा कागद आणि उदरनिर्वाहाची सोय दाखवणारा पुरावा द्यावा लागतो. सप्टेंबर २०२४ पासून बंद खात्यासाठी वर्षाला ११,९०४ युरो, म्हणजे महिन्याला ९९२ युरो, असा आकडा धरला जात आहे. हे आकडे वेळोवेळी वाढतात, म्हणून अर्जाच्या वेळचा आकडा पाहूनच रक्कम ठरवावी. नव्या परवान्याचे शुल्क १०० युरोपर्यंत असते. बडोद्यातून छायाचित्रांच्या प्रती घेऊन जाण्यात आता अर्थ उरलेला नाही, कारण मे २०२५ पासून तिथे कागदी छायाचित्राऐवजी डिजिटल छायाचित्र घेण्याची पद्धत सुरू झाली आहे.

आता ज्या कारणासाठी मी लिहायला बसले, ते सांगते. मोठ्या शहरांत या कार्यालयाची भेटीची तारीख मिळायला अनेक आठवडे, काही ठिकाणी महिने लागतात. मुले रोज संगणकावर तारीख शोधत राहतात, ती मिळाली की अर्ज देऊ असे समजतात आणि या वाट पाहण्यात व्हिसाची मुदत संपते. कायद्याचे संरक्षण भेटीला नसून अर्जाला आहे. निवास कायद्याच्या कलम ८१ च्या चौथ्या पोटकलमानुसार, चालू परवाना किंवा राष्ट्रीय व्हिसा संपण्यापूर्वी नवा परवाना मागितला असेल, तर निर्णय होईपर्यंत जुना परवाना चालूच आहे असे मानले जाते. याचा अर्थ असा की भेट चार महिन्यांनी मिळाली तरी चालेल, परंतु तुमचा अर्ज मुदतीच्या आत कार्यालयात पोहोचला पाहिजे आणि तो पोहोचल्याचा पुरावा तुमच्या हातात पाहिजे.

निझामपुराकर:

सुरसागर, आपण हे इतके सविस्तर लिहिलेत याबद्दल मनापासून आभार. माझा मुलगा येत्या ऑक्टोबरच्या सत्रासाठी जाणार आहे. अलकापुरीतील ज्या सल्लागाराकडून आम्ही प्रवेशाचे काम करून घेतले, त्याने ‘व्हिसा आला म्हणजे सगळे झाले, पुढचे विद्यापीठ पाहून घेते’ असे सांगितले होते. आपले लिखाण वाचून माझी झोप उडाली आहे. माझे दोन प्रश्न आहेत. पहिला असा की अर्ज पोहोचल्याचा पुरावा नेमका कोणता मानला जातो? संकेतस्थळावर भेटीची वेळ नोंदवली, तर तोच अर्ज समजावा काय? दुसरा प्रश्न नावाचा आहे. आमच्या मुलाच्या गुजरात बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग त्याचे नाव आणि शेवटी माझे नाव आहे. पासपोर्टवर मात्र त्याचे आणि माझे नाव एकत्र पहिल्या रकान्यात असून आडनाव वेगळे आहे. यामुळे तिथे अडचण येईल काय?

सुरसागर:

काका, काळजी करू नका, आपल्या हातात अजून भरपूर वेळ आहे.

भेटीची वेळ नोंदवणे म्हणजेच अर्ज, असे काही शहरांची कार्यालये मानतात आणि तसे आपल्या संकेतस्थळावर स्पष्ट लिहितात. इतर काही शहरे तसे मानत नाहीत. म्हणून केवळ वेळेच्या नोंदीवर विसंबू नये. ज्या शहरात ऑनलाइन अर्जाची सोय आहे, तिथे अर्ज त्याच मार्गाने द्यावा आणि शेवटी येणारी पोचपावती त्याच क्षणी जतन करावी. जिथे तशी सोय नाही, तिथे संपूर्ण नाव, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक, पत्ता, व्हिसाची शेवटची तारीख आणि ‘मी कलम १६ब खाली निवास परवान्यासाठी अर्ज करत आहे’ असे स्पष्ट वाक्य लिहिलेले पत्र ईमेलने पाठवावे. तेच पत्र सही करून, कागदपत्रांच्या प्रती जोडून, नोंदणीकृत टपालानेही पाठवावे. टपालाची पावती आणि ईमेलला आलेले स्वयंचलित उत्तर दोन्ही जपून ठेवावीत. एखादा कागद मिळायचा राहिला असेल, तर तो नंतर देतो असे लिहून अर्ज वेळेत द्यावा. एका कागदासाठी अर्ज अडवून ठेवू नये. मी स्वतः विचारणाऱ्यांना मुदतीच्या आठ ते दहा आठवडे आधी हे काम करायला सांगते.

नावाबाबत सांगायचे तर निवास परवान्याच्या कार्डावर पासपोर्टमधील नाव जसेच्या तसे येते. बोर्डाच्या गुणपत्रिकेतील क्रमाचा त्या कार्यालयात सहसा संबंध येत नाही. पण विद्यापीठातील नोंदणी, विमा, बँक खाते आणि घराचा करार या चारही ठिकाणी नाव पासपोर्टप्रमाणेच लिहिले जाईल, याची दक्षता पहिल्या दिवसापासून घ्यावी. एका ठिकाणी आपले नाव आणि दुसऱ्या ठिकाणी वडिलांचे नाव आडनावाच्या जागी गेले, तर ते दुरुस्त करण्यात जाणारे आठवडे नेमके मुदतीच्या तोंडावर जातात. त्याच्या पासपोर्टची मुदतही आजच पाहा. पासपोर्ट ज्या दिवशी संपतो, त्याच्या पुढच्या तारखेपर्यंत निवास परवाना दिला जात नाही. पासपोर्ट वर्ष-दीड वर्षात संपणार असेल, तर तो बडोद्यात असतानाच नवा करून घ्यावा, मात्र व्हिसाचा अर्ज देण्यापूर्वी.

मांडवीचा_विद्यार्थी:

मी जर्मनीत नसून इटलीत शिकतो, तरीही इथे लिहितो, कारण बडोद्यातील बरीच मुले आता इटलीचाही विचार करू लागली आहेत. इटलीत पोहोचल्यापासून आठ कामकाजाच्या दिवसांत ‘पेरमेस्सो दि सोज्जोर्नो’ या निवास परवान्यासाठी अर्ज द्यावा लागतो. तो टपाल कार्यालयातून मिळणाऱ्या संचातील अर्ज भरून टपाल कार्यालयातच द्यायचा असतो. त्या वेळी जी पावती मिळते, तिच्यावर बोटांचे ठसे देण्यासाठी पोलीस कार्यालयात जाण्याची तारीख असते आणि प्रत्यक्ष कार्ड हातात येईपर्यंत तीच पावती तुमच्या कायदेशीर वास्तव्याचा आधार असते. म्हणजे पत्त्याची नोंद, दोन आठवडे, मग अर्ज हा जर्मनीचा क्रम इटलीत लागू होत नाही. आपण ज्या देशात जाणार तिथली पहिली मुदत कोणती, हे विमानाचे तिकीट काढण्यापूर्वीच माहीत असावे.

सुरसागर:

मांडवीचा_विद्यार्थी, ही माहिती फार उपयोगाची आहे. फ्रान्समध्येही वेगळी रीत आहे. तिथे दीर्घ मुदतीचा विद्यार्थी व्हिसा पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत ऑनलाइन वैध करून घ्यावा लागतो आणि त्यानंतर तोच निवास परवाना म्हणून चालतो. शेजारच्या देशातील मैत्रिणीने काय केले यावरून आपले ठरवू नये, हे यातून दिसते.

विश्वामित्री:

मी बँकेतून निवृत्त झालो असून परकीय चलनाच्या कामाशी माझा अनेक वर्षे संबंध होता. निझामपुराकरांना आणि इतर पालकांना पैशाच्या बाजूने काही सांगावेसे वाटते, कारण परवान्याच्या नूतनीकरणात खरी ओढाताण तिथेच होते. पहिल्या वर्षाची रक्कम सारे जण व्हिसासाठी म्हणून वेळेवर भरतात. परंतु निवास परवाना शिक्षणासाठी साधारणपणे एक ते दोन वर्षांचा मिळतो आणि तो वाढवताना पुढील काळाच्या खर्चाची सोय पुन्हा दाखवावी लागते. तोवर बंद खात्यातील रक्कम दरमहा काढून संपलेली असते. तेव्हा मुलाचा फोन येतो, घरी मुदत ठेव मोडावी लागते, आणि रक्कम पोहोचेपर्यंत तारीख उलटते.

रिझर्व्ह बँकेच्या उदार प्रेषण योजनेखाली एका व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम पाठवता येते, म्हणून मर्यादेची चिंता सामान्य कुटुंबाला नसते. चिंता टीसीएसची, म्हणजे रक्कम पाठवतानाच बँक गोळा करते त्या कराची, असते. एप्रिल २०२५ पासून आर्थिक वर्षात १० लाख रुपयांपर्यंतच्या रकमेवर तो आकारला जात नाही आणि मान्यताप्राप्त वित्तसंस्थेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवलेल्या रकमेवर तो मुळीच लागत नाही. कापला गेलेला कर पाठवणाऱ्याच्या पॅनवर जमा होतो आणि विवरणपत्र भरताना तो वळता करून घेता येतो. म्हणून आई आणि वडील दोघेही विवरणपत्र भरत असतील, तर कोणाच्या खात्यातून किती रक्कम पाठवायची हे मार्च उलटण्यापूर्वी एकत्र बसून ठरवावे आणि दुसऱ्या वर्षाची रक्कम नूतनीकरणाच्या किमान तीन महिने आधी तयार ठेवावी.

सुरसागर:

विश्वामित्री काका, आपण मांडलेला मुद्दा मी पहिल्या मजकुरातच लिहायला हवा इतका महत्त्वाचा आहे. त्यात एक भर घालते. नूतनीकरणाच्या वेळी बंद खाते हा एकच मार्ग नसतो. शिष्यवृत्तीचे पत्र, जर्मनीत राहणाऱ्या व्यक्तीने कार्यालयासमोर दिलेली खर्चाची हमी, किंवा नियमित अर्धवेळ कामाचा करार आणि पगाराच्या पावत्या हेही पाहिले जाते. विद्यार्थ्याला वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येते. मार्च २०२४ पूर्वी हाच आकडा १२० आणि २४० असा होता. विद्यापीठातील साहाय्यकाचे काम या दिवसांत मोजले जात नाही, म्हणून ते मिळाले तर उत्तमच. मात्र नूतनीकरणाच्या वेळी गुणपत्रकही पाहिले जाते. पगाराच्या पावत्या भरपूर आणि उत्तीर्ण विषय थोडे, असे चित्र दिसले तर अधिकारी अभ्यासाच्या प्रगतीबद्दल प्रश्न विचारतात, आणि ते विचारणे योग्यच आहे, कारण परवाना शिक्षणासाठी दिलेला असतो.

कारेलीबागची_लेक:

ताई, मी जर्मनीत दुसऱ्या वर्षात आहे. माझ्या परवान्याची मुदत नोव्हेंबरच्या अखेरीस संपते आणि धाकट्या भावाचे लग्न डिसेंबरमध्ये बडोद्यात आहे. अर्ज मी ऑगस्टमध्येच ऑनलाइन दिला असून पोचपावती माझ्याकडे आहे, पण भेटीची तारीख जानेवारीतली मिळाली आहे. आई रोज विचारते की तिकीट काढलेस काय. मी भारतात जाऊन परत येऊ शकते काय, की सीमेवर अडवले जाईल? माझ्या वर्गातील एकीने सांगितले की अर्ज प्रलंबित असताना देश सोडला की अर्जच रद्द होतो.

सुरसागर:

बाळा, अर्ज रद्द होतो हे खरे नाही, पण पोचपावतीच्या भरवशावर विमानात बसू नकोस. तुला कार्यालयाकडून ‘फिक्त्सिओन्सबेशायनिगुंग’ नावाचा कागद मागून घ्यावा लागेल. अर्ज प्रलंबित असताना तुझे वास्तव्य कायदेशीर आहे, असे दाखवणारा हा अधिकृत दाखला असतो आणि त्याचे शुल्क १३ युरो असते.

तो हातात आला की त्यावर कोणत्या चौकटीत खूण केली आहे, हे तिथेच उभे राहून वाच. कलम ८१ च्या चौथ्या पोटकलमाची खूण असेल, तर तुझा जुना परवाना चालू मानला जातो. मग तुला बाहेर जाऊन जर्मनीत परत येता येते आणि जुन्या परवान्यातील अटींवर कामही चालू ठेवता येते. तिसऱ्या पोटकलमाची खूण असेल, तर केवळ देशात राहण्याची मुभा आहे, बाहेर गेल्यावर त्या कागदावर परत येता येत नाही. तुझा अर्ज जुना परवाना चालू असताना दिलेला आहे, म्हणून तुला चौथ्या पोटकलमाचा दाखला मिळायला हवा. चुकून दुसरी खूण झाली असेल, तर खिडकीवरून हलण्यापूर्वी नम्रपणे ते लक्षात आणून दे.

आजच कार्यालयाला पत्र लिही. त्यात अर्जाचा क्रमांक, परवान्याची शेवटची तारीख, लग्नाची तारीख आणि प्रवासाचे दिवस लिही, लग्नपत्रिका जोड आणि तिच्यातील मजकुराचा जर्मन सारांश दोन ओळींत दे. कौटुंबिक कारणासाठी तातडीने दाखला देण्याची सोय बऱ्याच ठिकाणी असते. उत्तर आले नाही, तर विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विभागाकडे जा. पुष्कळ विद्यापीठांचे त्या कार्यालयाशी थेट संपर्क असतात. विद्यार्थी संघाकडे कायदेविषयक सल्ला विनामूल्य किंवा अत्यल्प शुल्कात मिळतो, त्याचाही उपयोग कर. दाखला हातात येईपर्यंत परत न करता येणारे तिकीट घेऊ नकोस, हे आईला माझ्या नावाने सांग. प्रवासात मूळ दाखला, संपलेले परवाना कार्ड आणि पासपोर्ट तिन्ही हातातल्या पिशवीत ठेव, कारण अहमदाबाद किंवा मुंबईच्या विमानतळावरील कर्मचाऱ्यांना हा कागद ओळखीचा असेलच असे नाही आणि जुन्या कार्डासोबत तो दाखवला तर समजावणे सोपे जाते. शक्य असेल तर थेट जर्मनीत उतरणारे विमान निवड, म्हणजे वाटेत दुसऱ्या देशाच्या अधिकाऱ्यांपुढे हा विषय येणार नाही.

फतेगंज_वसतिगृह:

थोडा मतभेद नोंदवतो. सुरसागर ताईंनी ईमेल आणि टपाल दोन्ही मार्गांनी अर्ज पाठवण्याचा सल्ला दिला आहे. माझ्या शहरातील कार्यालय ऑनलाइन प्रणालीबाहेरून आलेले अर्ज मागे टाकते आणि एकाच व्यक्तीचे दोन-तीन अर्ज आले की धारिका जुळवण्यात आणखी उशीर होतो, असे तिथल्या कर्मचाऱ्यांनी आम्हाला विद्यार्थ्यांच्या बैठकीत स्पष्ट सांगितले होते. त्यामुळे सरसकट सगळ्यांनी तिन्ही वाटांनी अर्ज करू नयेत, असे मला वाटते. तसेच आरोग्य विम्याबद्दल इथे कोणी लिहिले नाही. तीस वर्षांखालील विद्यार्थ्याला सार्वजनिक विमा कमी हप्त्यात मिळतो. काही मुले पहिल्या महिन्यात स्वस्त खासगी विमा घेण्यासाठी सार्वजनिक विम्यातून सूट मागतात, आणि ती सूट संपूर्ण अभ्यासकाळासाठी मागे घेता येत नाही. पुढे प्रत्येक नूतनीकरणाला तो खासगी विमा पुरेसा आहे काय, हा प्रश्न उभा राहतो.

सुरसागर:

आपली दुरुस्ती योग्य आहे. जिथे ऑनलाइन प्रणाली चालू आहे आणि पोचपावती देते, तिथे एकच अर्ज द्यावा. ईमेल आणि नोंदणीकृत टपाल ही वाट, जिथे प्रणाली नाही किंवा ती बंद पडली आहे आणि मुदत जवळ आली आहे, तिथल्यासाठी आहे. प्रणाली बंद असल्याचे दिसत असेल तर तारीख आणि वेळ दिसेल असे पडद्याचे चित्र काढून पत्रासोबत जोडावे.

निझामपुराकर:

आपणा सर्वांच्या लिखाणाची प्रत काढून मी मुलाच्या धारिकेत लावली आहे. शेवटचे एकच विचारतो. पहिले सत्र एका शहरात करून पुढे त्याला दुसऱ्या शहरात राहायला जावे लागेल, असे विद्यापीठाच्या पत्रावरून दिसते. मग अर्ज कोणत्या शहरात द्यावा?

सुरसागर:

काका, ज्या शहरात त्याच्या पत्त्याची नोंद आहे, तिथल्या कार्यालयाकडे अधिकार असतो. शहर बदलले की नव्या पत्त्याची नोंद दोन आठवड्यांत करायची. त्यानंतर नवे कार्यालय जुन्याकडून धारिका मागवते, आणि या देवाणघेवाणीला वेळ लागतो. व्हिसाची मुदत फेब्रुवारी किंवा मार्चमध्ये संपत असेल आणि स्थलांतरही त्याच सुमारास असेल, तर पहिल्या शहरात पोहोचल्यावर लगेच, ऑक्टोबरातच, अर्ज देऊन टाकावा आणि स्थलांतर होताच दोन्ही कार्यालयांना नवा पत्ता लेखी कळवावा, सोबत पहिल्या अर्जाची पोचपावती जोडावी. त्याच्या व्हिसावरची अखेरची तारीख कळली की इथे लिहा, म्हणजे त्याप्रमाणे आठवडे मोजून सांगते.